मस्टँगला जीपीएस लावून राहिलो, एजंट म्हणते इन्शुरन्समध्ये सूट भेटते. खरं काय?

छापखानेवाला

नमस्कार मंडळी. लंबा प्रश्न आहे, चहा घेऊन बसा.

2018 ची फोर्ड मस्टँग जीटी घेतली फेब्रुवारीत, मुंबईवरून, सेकंड हँड. 5 लिटरचं व्ही 8. आमचा छापखाना आहे, पंधरा वर्षांआधी एका टायरवाल्याचं कॅलेंडर छापलं होतं त्यात मार्च महिन्यावर हीच गाडी होती, तेव्हापासून डोक्यात बसली होती. सौदा 46 लाखात झाला, समृद्धीनं चालवत आणली, नागपूरला शिवमडक्याला उतरलो तेव्हा रात्रीचे 11 वाजले होते आणि टोलवरचा पोट्टा पावती सोडून सेल्फी मागून राहिला होता.

आता मुद्दा. गाडी मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये उभी राहते. रविवारी सकाळी फुटाळ्याचा एक चक्कर, महिन्यातून एखाद वेळ रामटेक, बस. बाकी दिवस मी ॲक्टिव्हावर. मागच्या आठवड्यात रात्री दोन जण मोबाईलचा टॉर्च लावून गाडीच्या आत पाहून राहिले होते, चौकीदारानं हटकलं तर म्हणे फोटो काढून राहिलो काका. असतीलही फोटोवाले, पण तेव्हापासून बायकोनं ठेका धरला की 46 लाख खाली अंधारात उभे करून तू वर पंख्याखाली झोपतोस कसा.

म्हणून ट्रॅकर लावायचा आहे. तीन जागी विचारलं अन् तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एकजण म्हणे स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे मेकॅनिक तपासायचं मशीन लावते त्या सॉकेटमध्ये, खोचायचा, तीन हजार, दोन मिनिटांचं काम. दुसरा म्हणे वायरिंगवाला घ्या, रिले म्हणजे करंट तोडायचा स्विच लावून देतो, मोबाईलवरून गाडी बंद करता येते, सहा हजार. सदरमधला एक ॲक्सेसरीवाला म्हणे हे सगळं फालतू आहे, तुम्ही एआयएस 140 ह्या सरकारी स्टँडर्डवालाच घ्या, लाल बटण असलेला, 14 हजार, इन्शुरन्स कंपनीला हाच चालते. अन् एजंट म्हणते जीपीएस लावलं की प्रीमियममध्ये 20 टक्के सूट.

कोणाचं खरं? पॉलिसी सध्या जुन्या मालकाच्याच नावानं आहे, सप्टेंबरपर्यंत चालते, आयडीव्ही म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत 27 लाख. आरसी माझ्या नावावर झाली मार्चमध्ये. चावी एक माझ्याजवळ आहे, दुसरी त्याच्या घरी राहिली, कुरियर करतो म्हणाला आहे.

तर्री_जास्त

आधी फोटो टाका भाऊ, फोटोशिवाय मस्टँगचा प्रश्न बाद 😄

ओबीडीवाल्याचा माझा अनुभव सांगतो. स्विफ्टमध्ये होता. वॉशिंग सेंटरवाल्या पोराच्या पायाला लागून राहिला होता म्हणून त्यानं काढला अन् ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून दिला. मला चार दिवसांनी समजलं, तेही बायको कुठवर पोहोचली हे पाहायला ॲप उघडलं म्हणून. वॉशिंगवाल्याला भेटला तर चोराला नाही भेटणार का? मुलगा गाडी किती पळवून राहिला हे पाहायला चांगलं आहे ते, चोरीसाठी नाही.

क्लेमवाली_ताई

छापखानेवाले दादा, ट्रॅकर बाजूला ठेवा. तुमच्या पोस्टच्या शेवटच्या चार ओळी वाचून मला घाम फुटला. मी अकरा वर्षं मोटर क्लेममध्ये काम केलंय, आता सोडलं, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, म्हणजे आज गाडी चोरीला गेली तर पैसे कोणालाच मिळणार नाहीत. त्याला नाही, कारण गाडी त्याची राहिली नाही. तुम्हाला नाही, कारण कंपनीशी तुमचा करारच नाही. मोटार वाहन कायद्याचं 157 कलम आहे, त्यानं थर्ड पार्टीचा भाग आपोआप नव्या मालकाकडे येतो, म्हणजे तुम्ही कोणाला ठोकलं तर ते कव्हर आहे. पण ओन डॅमेज म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान, आणि चोरी, हे आपोआप येत नाही, त्यासाठी 14 दिवसांत कंपनीला लेखी कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. तुमचे 14 दिवस कधीच गेले. तरी उद्या सकाळी जा, आता गाडीची पाहणी करतील मग एंडॉर्समेंट म्हणजे नावबदलाचा कागद देतील. त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो गाडीचा नसतो, तर तेवढा फरक भरावा लागेल. समजा त्याचा 50 टक्के बोनस होता तर रक्कम चांगली दणकून येईल, तिथे काउंटरवर भांडू नका, भरा आणि पावती घ्या.

दुसरं, चावी. चोरीच्या क्लेममध्ये सगळ्यात आधी मागतात दोन्ही चाव्या. एक नसली की सर्व्हेअरचा पहिला प्रश्न, दुसरी कुठे आहे, गाडीतच ठेवली होती का? मी एक फाईल पाहिली आहे, गृहस्थ खरे होते, दुसरी चावी गावाला आईच्या कपाटात होती, सापडेपर्यंत सात महिने क्लेम लटकला. कुरियरची वाट पाहू नका, तो भला माणूस असेल, पण 46 लाखांच्या गाडीची चावी कुरियरच्या पिशवीत कशाला, कोणी मुंबईला जाणारं असेल तर हातानं आणवा.

आता सूट. एजंटचे 20 टक्के कुठून आले ते त्यालाच विचारा. जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या ठरवून दिलेल्या दरपत्रकात, अँटी थेफ्ट डिव्हाइसची सूट आहे ती ओन डॅमेज प्रीमियमच्या अडीच टक्के, आणि जास्तीत जास्त 500 रुपये. पाचशे! समजा तुमचा ओन डॅमेज 60 हजार आला, अडीच टक्के झाले 1,500, पण मिळणार 500 च. तेही डिव्हाइस एआरएआय म्हणजे पुण्याच्या संस्थेनं मंजूर केलेलं हवं आणि बसवल्याचं ऑटोमोबाईल असोसिएशनचं सर्टिफिकेट हवं. दुकानदाराचं बिल चालत नाही. 2007 नंतर दर मोकळे झाले, कंपन्या आपल्या हिशोबानं कमी-जास्त करतात, पण ट्रॅकर लावला म्हणून पाचवा हिस्सा सोडून देणारी कंपनी मी तरी पाहिली नाही. आणि थर्ड पार्टीवर तर एक पैसा सुटत नाही, 1500 सीसीच्या वरच्या गाडीला 2022 मध्ये ठरलेला दर 7,897 आणि वर 18 टक्के जीएसटी.

तुमचे खरे पैसे आयडीव्हीत अडकलेत. 46 ला घेतली आणि कागदावर 27. चोरी झाली तर 27 मिळतील, त्यातून 2,000 कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे मालकानंच सोसायचा हिस्सा, जाईल. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही टेबलावरून ठरत नाही, कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. म्हणजे घासाघीस करता येते! सौद्याचे कागद, बँकेतून पैसे गेल्याचं स्टेटमेंट आणि अशाच गाड्यांच्या आजच्या किमती घेऊन बसा आणि दोन-तीन कंपन्यांना विचारा. प्रीमियम वाढेल, वाढू द्या. रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे बिलाची पूर्ण किंमत, मिळेल या आशेवर राहू नका, ते नव्या गाड्यांचं असतं. झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं कव्हर, तेही इतक्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत, आणि फोर्डनं तर 2021 मध्येच इथलं उत्पादन गुंडाळायचं जाहीर केलं, एक हेडलाईट फुटला तर काय होईल याचा विचार करून ठेवा.

एक चांगली गोष्ट. वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटरच चालत असेल तर पे ॲज यू ड्राइव्ह विचारा. 2022 पासून आयआरडीएआयनं, म्हणजे विमा नियामकानं, ते ॲडऑन म्हणून खुलं केलंय. किलोमीटरचा स्लॅब घ्यायचा, त्यात राहिलात तर खरी बचत तिथे आहे.

छापखानेवाला

ताई, रात्री साडेबाराला वाचून राहिलो अन् झोप उडाली. एजंटला आत्ताच मेसेज टाकला. त्यानं अंगठा पाठवला फक्त.

वायर_आणि_फ्यूज

ताईंनी कागदाचं सांगितलं, मी वायरीचं सांगतो. माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, नाव-पत्ता देत नाही, गिऱ्हाईक शोधून नाही राहिलो.

एआयएस 140 म्हणजे बस, टॅक्सी, स्कूल व्हॅन ह्यांच्यासाठी आहे, सवारी नेणाऱ्या गाड्यांसाठी. लाल बटण आहे ते सवारीसाठी. प्रायव्हेट गाडीला कम्पल्सरी नाही. डिव्हाइस वाईट नसते, दोन नेटवर्कची ईसिम म्हणजे आतच बसवलेलं सिम असते, पण इन्शुरन्सला हाच चालते हे त्या दुकानदाराचं शुद्ध फोकनाड आहे, त्याच्याजवळ माल पडून असेल.

तुम्ही वायरवाला घ्या, 4जी. स्वस्तातले 2जी वाले असतात, त्यात जिओचं सिम टाकलं तर चालणारच नाही कारण जिओकडे 2जी नाहीच. सिमचा नंबर 13 आकडी असला तर ते मशीनवालं सिम आहे, ते ठीक, फक्त रिचार्ज कोणाच्या हातात आहे ते आधी विचारा. पहिल्या वर्षी फुकट असते, दुसऱ्या वर्षी दुकानदार फोन उचलत नाही, अन् डिव्हाइस आत मेलेलं असते, मालक समजते सुरू आहे.

आत बॅकअप बॅटरी पाहिजेच, चोर पहिले बॅटरीचं टर्मिनल काढते. पण ती लिथियमची असते अन् आपलं नागपूर आहे बाप्पा, बाहेर 45 असते तेव्हा उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवून पाहा, ठेववणार नाही. डॅशवर काचेखाली चिकटवलेली डिव्हाइस मी मे महिन्यात उघडली आहेत, बॅटरी पापडासारखी फुगून कव्हर उचललेलं असते. खाली लावा, सावलीत. बोनेटखाली तर नकोच, एक तर गर्मी, दुसरं तुमच्या गाडीचं बोनेट ॲल्युमिनियमचं आहे, धातूखाली जीपीएसला आकाश दिसत नाही. प्लास्टिक, रेग्झिन, कार्पेट ह्याच्यातून सिग्नल येते. कुठे लावलं ते इथे लिहू नका, पोट्टे वाचून राहिलेत.

ग्राउंड कुठे देतात ते उभं राहून पाहा. तुमच्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक सेन्सर असते, गाडी त्यावरून मोजते बॅटरीत किती करंट गेला अन् आला. कोणी पोरानं ट्रॅकरची काळी वायर सरळ टर्मिनलच्या बोल्टवर कसली तर तेवढा करंट सेन्सरला दिसतच नाही, गाडीचा हिशोब चुकते. काळी वायर बॉडीवर द्यायची. लाल वायर फ्यूज टॅपनं, म्हणजे फ्यूजच्या जागी खोचायच्या जोडणीनं काढायची, ओरिजिनल हार्नेस म्हणजे कंपनीच्या वायरींचा जुडगा सोलून टेप मारणाऱ्याला हाकलून द्या.

हिशोबावरून आठवलं. गाडी आठ-आठ दिवस उभी राहते ना तुमची? गाडी स्वतः झोपेत 30 मिलिअँपिअर खाते असं धरा अन् ट्रॅकर 20. झाले 50. दिवसाला 1.2 अँपिअर अवर. बॅटरी 60 ची धरली तर 25 दिवसांत अर्धी रिकामी, अन् तुम्ही लग्नसराईत महिनाभर बसलेच नाही तर एका रविवारी नुसतं टिक टिक टिक. म्हणून स्लीप मोडमध्ये किती करंट खाते ते डब्यावर वाचून घ्या अन् बेसमेंटमध्ये प्लग असेल तर बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा ट्रिकल चार्जर लावून ठेवा.

रिले. मोबाईलवरून गाडी बंद करायची हौस सगळ्यांना असते. फ्युएल पंपावर रिले लावू देऊ नका, हात जोडून सांगतो. तो रिले दीडशे रुपयाचा असते, समृद्धीवर 120 ला असताना त्याचा कॉन्टॅक्ट सुटला तर इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, मागून ट्रक. लावायचाच असेल तर स्टार्टरच्या लाईनवर, म्हणजे चालती गाडी बंद पडत नाही, बंद झालेली सुरू होत नाही.

अन् बेसमेंट. खाली जीपीएस मिळत नाही अन् मोबाईलचं नेटवर्क एक दांडी. गाडी हलली हे सेन्सरला लगेच समजते, पण मेसेज तुम्हाला भेटते गाडी रॅम्प चढून गेटबाहेर आल्यावर. घ्यायच्या आधी ते डिव्हाइस त्याच्याकडून मागून खाली गाडीत रात्रभर ठेवून पाहा. लोक हे करत नाहीत.

कोराडी_ते_बुटीबोरी

मला एक सांगा, नागपुरात मस्टँग चोरून चोर जाणार कुठे बे? धंतोलीत सुरू केली तर गांधीबागेत ऐकू जाते. विकणार कोणाला? चहाच्या टपरीवर उभी केली तर पाच मिनिटांत रील निघते.

भाऊ तू चोरापेक्षा पाण्याला घाबर. 23 सप्टेंबर 2023 विसरला का? अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घरात घुसली, आमच्या ओळखीतल्या एकाची सेडान बेसमेंटमध्ये छतापर्यंत पाण्यात. पहाटेची वेळ, कोणाला खाली जाऊन पाहायची सोयच नव्हती. ट्रॅकर काय सांगणार, गाडी जागेवरच आहे म्हणून 😂

क्लेमवाली_ताई

कोराडी भाऊ, हसताय पण मुद्दा बरोबर आहे. त्या पुरानंतरच्या फाईली माझ्या टेबलवर होत्या. उभ्या गाडीत पाणी शिरलं तर कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे पूर्ण पॉलिसीत ते बसतं. पण पाणी ओसरल्यावर लोक घाबरून एकदा सेल्फ मारून बघतात, आणि सिलेंडरमधल्या पाण्यानं कनेक्टिंग रॉड वाकतो. ते नुकसान इंजिन प्रोटेक्ट ॲडऑन नसेल तर नाकारतात. तुमचं 5 लिटरचं इंजिन आहे, दादा. इंजिन प्रोटेक्ट देत असतील तर घ्या, आणि पाणी शिरलं तर बटणाला बोट लावायचं नाही, टो करून न्यायची.

चोरीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. झालीच तर आधी 112, मग एफआयआर, आता बीएनएसचं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 303 कलम लागतं, आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल. एफआयआर लगेच केली असेल आणि फक्त कंपनीला कळवायला उशीर झाला तर तेवढ्यावरून क्लेम फेटाळता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये म्हटलंय, पण म्हणून उशीर करायचा का? त्यानंतर गाडी सापडली नाही की पोलिसांकडून अ समरीचा, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा, कागद निघतो, तो आल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही, दोन-तीन महिने सहज. ट्रॅकरचा खरा उपयोग पहिल्या दोन तासांत आहे. लाईव्ह लिंक पोलिसांना द्या, स्वतः पोरं गोळा करून मागे जाऊ नका.

कव्हेंट्रीत_नागपूरकर

मी मूळचा प्रतापनगरचा, सध्या इंग्लंडमध्ये. इकडे हा प्रकार अगदी वेगळा आहे म्हणून लिहितो. इथे भारी गाडी असली तर बऱ्याचदा पॉलिसीतच अट असते की मान्यताप्राप्त ट्रॅकर हवा. थॅचम नावाची संस्था आहे, ती उपकरणं तपासून दर्जा देते. 2019 पासून एस 5 आणि एस 7 असे दोन प्रकार आहेत. एस 7 म्हणजे साधा ट्रॅकर, चोरी झाल्यावर शोधायला. एस 5 मध्ये ड्रायव्हरजवळ एक छोटा टॅग असतो, टॅगशिवाय गाडी हलली तर कंट्रोल रूमला कळतं, ते फोन करतात, आणि बंद झालेली गाडी परत सुरू होऊ देत नाहीत. वायरभाऊंनी स्टार्टरचं सांगितलं तसंच, चालत्या गाडीचं इंजिन कोणी तोडत नाही.

पण ट्रॅकरची वर्गणी भरायची राहिली आणि त्या महिन्यात गाडी गेली, की पॉलिसीची अट मोडली म्हणून कंपनी हात वर करू शकते. म्हणजे सूट दूरच, उलट पायात बेडी. तुमच्या एजंटनं ट्रॅकर लावलाय असं विम्याच्या प्रपोजल फॉर्ममध्ये लिहून पाचशे रुपये वाचवले तर तेच होऊ शकतं, लिहिण्याआधी विचार करा.

आणि इकडे चोर काच फोडतच नाहीत. घरात ठेवलेल्या चावीचा सिग्नल दारापर्यंत येऊन पकडतात आणि गाडीपर्यंत पोहोचवतात, गाडीला वाटतं मालक आला. आमच्याकडे चावी धातूच्या जाळीच्या पाकिटात असते. माझी आई इकडे आली होती तेव्हा तिनं ती स्टीलच्या डब्यात टाकली, झाकण घट्ट लावून, शेजारी डिंकाचे लाडू. मी चेक केलं, डबा गाडीजवळ नेऊन, उघडली नाही. पण प्रत्येक डब्याचं असं होईलच असं नाही, आपला आपण तपासून घ्या.

छापखानेवाला

अठरा दिवसांनी लिहून राहिलो, माफी.

पॉलिसी नावावर झाली. पाहणीवाला आला, त्यानं गाडीचे चाळीस फोटो काढले अन् चाळीसाव्यात स्वतःही उभा राहिला. बोनसचा फरक भरला, किती ते नाही लिहीत, घरी वाचतात. सप्टेंबरच्या रिन्यूअलला एका कंपनीनं 39 लाख आयडीव्ही द्यायची तयारी दाखवली आहे, बँक स्टेटमेंट दाखवल्यावरच. इंजिन प्रोटेक्टचं विचारून राहिलो. एजंटला अडीच टक्क्यांचं विचारलं तर म्हणते ते जुनं झालं सर, मी म्हटलं मग नवं लेखी द्या, तेव्हापासून अंगठाही येणं बंद.

चावी साळ्यानं आणली दुरांतोनं, शर्टाच्या आतल्या खिशात. ती स्टीलच्या डब्यात ठेवून पाहिली, गाडी उघडली. डब्याचं झाकण ढिलं आहे आमच्या. पाकीट मागवलं.

ट्रॅकर 4जी लावला, ग्राउंड बॉडीवर, मी उभा राहून पाहिलं, कारागीर म्हणे साहेब तुम्ही इंजिनियर का. रिले लावला नाही. बेसमेंटमध्ये रात्रभर ठेवून पाहिला होता आधी, मेसेज रॅम्पच्या अर्ध्यावर येते, वीसेक सेकंद उशिरा.

फक्त एक त्रास आहे. काल रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी अलार्म आला, वाहनाला धक्का. बायको, मी, चौकीदार, तिघंही खाली धावलो, मी तर बनियनवरच. बोनेटवर बिल्डिंगची मांजर बसली होती. परवाही तीच होती वाटते, तेव्हा कोणी दिसलं नव्हतं. याला काही उपाय?

वायर_आणि_फ्यूज

सेटिंगमध्ये व्हायब्रेशनची सेन्सिटिव्हिटी हायवर असेल, फॅक्टरीतून तशीच येते. मीडियम करा, नाहीच जमलं तर लो. गाडी ओढली किंवा उचलली तर लो वरही समजते, मांजरीनं नाही समजत.

अन् ॲपचा पासवर्ड अजून 123456 च आहे ना? मांजरीच्या आधी तो बदला.